गाडीसाठी शेड टाकायचीय? परवानगी, मार्जिन, सोसायटी आणि नोटिसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी सांगतो की हे सगळं का लिहितोय. २०२२ च्या मे महिन्यात आम्ही बंगल्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत गाडीसाठी पत्र्याची शेड टाकली, फॅब्रिकेटर म्हणाला "परवानगी कसली काका, चार पाइप न वर पत्रा, दोन दिवसांचं काम", आम्हीही मान डोलावली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पत्र्याच्या पागोळ्या थेट शेजाऱ्यांच्या भिंतीवर, त्यांच्या बेडरूमला ओल आली, बोलाचाली झाली आणि ऑगस्टमध्ये महापालिकेची नोटीस दारावर. पंच्याऐंशी हजार खर्चून उभी केलेली शेड पुन्हा पैसे देऊन उतरवली. त्यानंतर ऑफिसच्या फेऱ्या मारून, आर्किटेक्टसोबत बसून, नियम वाचून जे कळलं ते इथे प्रश्नोत्तरांत मांडलंय. नियम मुख्यतः महाराष्ट्रातल्या घरांसाठी आहेत, शेवटी गोव्याचंही थोडं आहे.

नुसत्या पत्र्याच्या शेडला परवानगी लागते का? भिंती नाहीत, स्लॅब नाही.

हो, लागते. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. नियमांमध्ये 'इमारत' या शब्दाची व्याख्या फार मोठी आहे, कुठल्याही कामासाठी आणि कुठल्याही मटेरियलने उभारलेलं बांधकाम म्हणजे इमारत, त्यात माणूस राहतो की नाही याचा संबंध नाही. म्हणजे पत्रा असो, पॉलिकार्बोनेट असो, फायबर असो, जमिनीत फुटिंग (काँक्रीटचा पाया) करून पाइप उभे केले आणि वर कायमचं छप्पर घातलं की ते बांधकाम झालं. व्याख्येतून सुटतात ते मंडप, शामियाने, ताडपत्रीचे तात्पुरते आडोसे, जे समारंभापुरते परवानगी घेऊन घातले जातात. आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्याच्या कलम ४३ आणि ४४ प्रमाणे नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय विकासकाम करता येत नाही. घराच्या आतली दुरुस्ती, बाहेरून फारसा फरक न दिसणारी डागडुजी यातून वगळलीय, पण अंगणात नवीन छप्पर म्हणजे डागडुजी नव्हे.

एक गोष्ट डोक्यात बसली की बाकी नियम आपोआप कळतात. जागा तुमची आहे, पण नकाशात ती 'आकाशाला मोकळी' म्हणून दाखवून तुम्ही घराची परवानगी घेतलेली असते. छप्पर घातलं की त्या शब्दाला धक्का लागतो. गाडी उन्हात मोकळी उभी केली तर कोणी विचारत नाही, प्रश्न छपराचा आहे.

आमच्या गावाला कुठला नियम लागू होतो?

महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना, नगरपालिकांना आणि प्रादेशिक योजनेच्या भागाला डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, बोलताना सगळे यूडीसीपीआर म्हणतात. त्याआधी प्रत्येक शहराचं पुस्तक वेगळं होतं, नाशिकला चालतं ते सोलापूरला चालेलच असं नव्हतं. मुंबई महापालिका यातून बाहेर आहे, तिथे डीसीपीआर २०३४ आहे. एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचा नियोजन भाग), थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, लोणावळा, इको-सेन्सिटिव्ह भाग हेही बाहेर. आणि तुम्ही कॅन्टोन्मेंटमध्ये राहत असाल, खडकी, देवळाली, कामठी असं कुठे, तर तिथे कॅन्टोन्मेंट बोर्डाचा कारभार २००६ च्या केंद्रीय कायद्याने चालतो, तिथे महापालिकेचा कागद घेऊन जाऊन उपयोग नाही.

मार्जिन म्हणजे नक्की काय आणि त्यात शेड का चालत नाही?

मार्जिन म्हणजे सामासिक अंतर, प्लॉटच्या हद्दीपासून घराच्या भिंतीपर्यंत सोडायची मोकळी जागा. समोर रस्त्याकडे, दोन्ही बाजूंना, मागे. किती सोडायचं ते प्लॉटचा आकार, रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यावर ठरतं. ही जागा हवा-उजेडासाठी असते, आग लागली तर माणसाला आत शिरता यावं यासाठी असते, आणि तुमच्या घराचं पाणी तुमच्याच हद्दीत मुरावं यासाठीही असते. आम्ही शेड टाकली तेव्हा हे तिसरं कारण मला माहीतच नव्हतं, शेजाऱ्यांच्या भिंतीने शिकवलं.

त्यामुळे मार्जिनमध्ये मोजक्याच गोष्टी चालतात. छज्जा चालतो, विहीर चालते, झाडाचा पार, झोपाळा, गेट अशा गोष्टी चालतात. प्रवेशद्वारावर पोर्च किंवा कॅनोपी चालते, पण तिला अटी आहेत: ती भिंतीतून बाहेर काढलेली म्हणजे कॅन्टिलिव्हर हवी, बाजूंनी उघडी हवी, खाली किमान २.४ मीटर मोकळी उंची हवी, आणि वरच्या मजल्यावरून तिच्यावर जायला दार नको, कारण मग तिची गच्ची होते. लांबी-रुंदीलाही मर्यादा आहे. पुष्कळ बंगल्यांत पोर्चला पुढे दोन खांब देऊन तो गेटपर्यंत ओढलेला दिसतो, तो या सवलतीत बसत नाही, कितीही जणांनी केलेला असला तरी.

मग बंगल्याला कायदेशीर कारशेड करताच येत नाही का?

येते की. दोन रस्ते आहेत. नवीन घर बांधताय तर सगळ्यात सोपं, आर्किटेक्टला पहिल्याच बैठकीत सांगा की गाडी कुठे उभी राहणार, तो स्टिल्ट (घराखाली नुसत्या खांबांवर मोकळी ठेवलेली जागा) किंवा पोर्च मूळ नकाशातच दाखवेल. फक्त पार्किंगसाठी वापरलेला स्टिल्ट एफएसआयमध्ये (प्लॉटवर जेवढं बांधकाम करायची मुभा असते त्यात) धरत नाहीत, म्हणजे राहायच्या बांधकामातले फूट कमी होत नाहीत. त्या स्टिल्टला पुढे शटर लावून दुकान किंवा खोली केली की सवलत गेली आणि प्रकरण वेगळं झालं.

घर आधीच बांधलेलं असेल तर सुधारित नकाशा टाकायचा. मार्जिन सोडून आत जागा उरत असेल आणि एफएसआय शिल्लक असेल तर तेवढ्या जागेत शेड रीतसर मंजूर होऊ शकते. आमच्या बाबतीत शेवटी हेच झालं. बाजूची शेड काढली, घराच्या मागच्या कोपऱ्यात मार्जिनच्या आत साधारण दहा बाय अठरा फुटांची जागा निघाली, तिथे मंजुरी घेऊन नवीन टाकली, गाडी मागे न्यायला रोज एक वळण जास्त घ्यावं लागतं एवढंच.

छोटा प्लॉट आहे, त्याला तर परवानगीच लागत नाही म्हणे?

अर्धं खरं आहे. यूडीसीपीआर आल्यावर १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला सवलत दिली, तिथे लायसन्सधारक व्यक्तीमार्फत नियमात बसणारा नकाशा आणि कागद सादर करायचे, शुल्क भरायचं, आणि त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरला १० दिवसांत निर्णय द्यायचा असं ठरलं. पण लोकांनी ऐकलं ते "परवानगी नको" एवढंच. नकाशा द्यावाच लागतो, मार्जिन पाळावंच लागतं, आणि नियम मोडले तर त्या पोचपावतीचा काही आधार मिळत नाही. सवलत ऑफिसच्या वेळेची आहे, मार्जिनची नाही.

गावात, ग्रामपंचायत हद्दीत काय?

२०२१ मध्ये ग्रामीण भागासाठी असाच बदल झाला, साधारण १६०० चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवर ग्रामपंचायतीला कागद देऊन कळवायचं आणि ३२०० पर्यंत ग्रामपंचायतीकडूनच परवानगी. गावात अंगणात मांडव, गोठा, पडवी हे पिढ्यानपिढ्या आहे आणि कोणी कागद मागत नाही हे मलाही माहीत आहे. तरी रस्त्याकडेला शेड काढताना रस्त्याची हद्द मोजून घ्या. रस्ता रुंद होतो तेव्हा पहिली जाते ती पुढची शेड, आणि विनापरवाना असेल तर भरपाई मागताना हातात कागदच नसतो. आणि घर शेतजमिनीत असेल तर एनएचा, म्हणजे जमीन बिगरशेती करण्याचा, विषय शेडच्या आधी सोडवा.

अर्जाला कागद कुठले लागतात?

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, घराचा जुना मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (घर पूर्ण झालं, राहायला हरकत नाही असा दाखला), चालू घरपट्टीची पावती, आर्किटेक्ट किंवा लायसन्सधारक इंजिनिअरने काढलेला नवा नकाशा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. अर्ज बहुतेक ठिकाणी ऑनलाइन जातो आणि तुमच्या वतीने आर्किटेक्टच टाकतो. खरी अडचण येते ती भोगवट्याला. जुन्या बंगल्यांपैकी कित्येकांनी तो घेतलेलाच नसतो, मग शेडसाठी गेलेला माणूस घराच्याच फायलीत अडकतो. म्हणून आर्किटेक्टकडे जायच्या आधी कपाटातली जुनी फाइल काढून बघा, वडिलांच्या काळातला निळा नकाशा सापडला तर तो सोन्यासारखा जपा.

किती दिवस लागतात? उत्तरच आलं नाही तर?

एमआरटीपीच्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांची मुदत आहे, त्यात काही कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. पण नकाशा नियमात बसत असेल तरच, हे विसरू नका. मार्जिनमधली शेड ६० दिवस गप्प बसून मंजूर होत नाही. शिवाय ऑफिसने त्रुटी काढून पत्र पाठवलं की तुम्ही पूर्तता करेपर्यंत गाडी पुढे जात नाही, आणि असं पत्र बहुतेक वेळा आर्किटेक्टच्या लॉगिनमध्ये पडून असतं, त्यामुळे दर आठवड्याला फोन करून विचारा. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते, तेवढ्यात काम सुरू झालं नाही तर मुदत वाढवून घ्यावी लागते.

पावसाळ्यापुरती शेड टाकली तर?

पावसाळी शेड, गच्चीवरचं तात्पुरतं छप्पर यासाठी तात्पुरती परवानगी मिळण्याची सोय आहे. शब्द लक्षात ठेवा, तात्पुरती परवानगी, म्हणजे अर्ज करायचा आणि मुदत संपली की उतरवायची. दिवाळी झाली, होळी झाली, तरी पत्रा तिथेच असेल तर ती कायमची शेड. तात्पुरत्या स्वरूपाच्या विनापरवाना कामासाठी तर कलम ५५ वेगळं आहे, त्यात १५ दिवसांत काढा असा आदेश देता येतो.

सोसायटीत ओपन पार्किंगवर मी माझ्या खर्चाने शेड टाकू शकतो का?

एकट्याने नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर ऐकून लोक चिडतात, पण नीट बघा. ती जागा तुमची नाही. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की स्टिल्टमधलं पार्किंग हे गॅरेज नव्हे, बिल्डर ते फ्लॅटपासून वेगळं विकू शकत नाही, ती सामाईक जागा आहे, आणि मोकळ्या पार्किंगचंही तेच. नंतर आलेल्या रेरा कायद्यात (बिल्डर आणि गृहप्रकल्पांसाठीचा कायदा) गॅरेजची व्याख्याच दिलीय, वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असतील तर गॅरेज, मोकळी पार्किंगची जागा त्यात येत नाही. म्हणजे तुमच्याकडे अलॉटमेंट लेटर असलं तरी ते गाडी लावायचा हक्क देतं, बांधकामाचा नाही. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर आदर्श उपविधींप्रमाणे चिठ्ठ्या टाकून वाटप होतं, आज तुमच्या खर्चाच्या शेडखाली उद्या दुसऱ्याची गाडी लागू शकते.

सोसायटीला सगळ्यांसाठी शेड करायची असेल तर मार्ग आहे: सर्वसाधारण सभेचा ठराव, मग आर्किटेक्टकडून नकाशा, मग महापालिकेची मंजुरी. तीन ठिकाणी गाडं अडतं. एक, कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करून देणं) झालेलं नसेल तर प्रॉपर्टी कार्डवर अजून बिल्डरचं किंवा मूळ मालकाचंच नाव असतं आणि अर्ज कोणी करायचा इथूनच वाद. दोन, फायर इंजिनचा रस्ता, उंच इमारतीभोवती ६ मीटर मोकळा मार्ग लागतो, तिथे एक खांबही चालणार नाही, आणि चालू नये असं मला मनापासून वाटतं, कारण सातव्या मजल्यावरची आजी तुमच्या पत्र्यापेक्षा महत्त्वाची आहे. तीन, मोठ्या लेआउटमधली मनोरंजनासाठी राखलेली मोकळी जागा, ४००० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटला ती १० टक्के सोडावी लागते, मुलांच्या त्या मैदानावर पार्किंगचा पत्रा नको.

शेडचा साइज किती ठेवू?

यूडीसीपीआरमध्ये एका कारची जागा २.५ बाय ५ मीटर धरलीय, टू-व्हीलरची १ बाय २ मीटर. एर्टिगासारखी गाडी साधारण ४.४ मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद, म्हणजे २.५ मध्ये एका बाजूचं दार जेमतेम उघडतं. घरात म्हातारं माणूस असेल तर जागा परवानगी देत असेल तिथे तीन मीटर रुंदी घ्या. खालची मोकळी उंची २.४ मीटरपेक्षा कमी नको.

वरून लाइटची तार जातेय, चालेल?

हा भाग घाईत वाचू नका, इथे माणसं मरतात. घरगुती पुरवठ्याच्या लो टेन्शन तारेपासून बांधकाम वरच्या दिशेने २.५ मीटर आणि आडवं १.२ मीटर लांब हवं. ११ केव्हीच्या तारेपासून उभं अंतर ३.७ मीटर आणि आडवं १.२ मीटर. हे शेड उभी राहिल्यावरचं झालं, पण धोका ती उभी करताना जास्त असतो, वीस फुटी लोखंडी पाइप दोन पोरं उभा करतात आणि वर बघत कोणीच नाही. तार जवळ असेल तर आधी महावितरणच्या सेक्शन ऑफिसला अर्ज द्या, तार हलवणं किंवा कामाच्या दिवशी सप्लाय बंद करणं हे तेच करू शकतात. फॅब्रिकेटर म्हणेल सांभाळून करतो, तरी थांबा.

स्ट्रक्चरल इंजिनिअर कशाला, पत्रा तर हलका असतो?

हलका असतो म्हणूनच. घराचा स्लॅब स्वतःच्या वजनाने बसून राहतो, पत्रा मात्र वारा खालून उचलतो. चारही बाजूंनी उघडी शेड म्हणजे वाऱ्यासाठी शिडासारखी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग भागात किती घरांचे पत्रे उडाले ते सगळ्यांनी पाहिलंय. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, मुंबई आणि नागपूरसाठी ४४. इंजिनिअर त्यावरून फुटिंगची खोली, बेस प्लेट, अँकर बोल्ट काढून देतो. आमच्या पहिल्या शेडचे पाइप फक्त दीड फूट खड्ड्यात काँक्रीट ओतून रोवले होते, काढताना दोन माणसांनी हलवून उपटले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याखाली पोरं सायकल खेळायची.

पन्हाळ मात्र विसरू नका. पत्र्याचा उतार स्वतःच्या अंगणाकडे ठेवा आणि पाइपने पाणी खाली आणून शोषखड्ड्यात सोडा. निम्म्या तक्रारी या पाण्यापायी होतात.

शेडच्या आड झाड येतंय, फांद्या छाटू?

महापालिका-नगरपालिका हद्दीत १९७५ चा वृक्ष कायदा आहे, स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आंबा किंवा कडुलिंब असेल तर मी म्हणेन शेडच नको, झाडाखालीच लावा गाडी.

शेडवर सोलर बसवलं तर परवानगीतून सुटका होते का?

नाही. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी मिळते, महावितरण नेट मीटर देतं, पण दोन्ही कागद विजेचे आहेत. खालच्या सांगाड्याला बांधकामाचे नियम तसेच लागू. शिवाय पॅनेलचं वजन आणि वारा दोन्ही वाढतात, त्यामुळे साध्या शेडच्या पाइपवर नंतर पॅनेल चढवू नका, आधीच तसं डिझाइन करून घ्या.

घरपट्टीत शेडची नोंद झालीय, म्हणजे अधिकृत झाली ना?

नाही झाली. कर विभाग जे दिसतं त्यावर कर लावतो, परवानगी दुसराच विभाग देतो. उलट महापालिका कायद्यात अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावायची तरतूद आहे, पिंपरी-चिंचवडकरांना हा शास्तीकर शब्द चांगलाच माहीत आहे, तिथे लोक वर्षानुवर्षं भांडले तेव्हा २०२३ मध्ये राज्य सरकारने तो माफ केला.

नोटीस आलीय. आता?

घाबरून फाडू नका आणि घेण्याचंही टाळू नका, दारावर चिकटवून पंचनामा करतात. आधी बघा कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली आहे. एमआरटीपी कलम ५३ असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीतच कलम ४४ खाली बांधकाम राखून ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, म्हणजे शेड नियमात बसण्यासारखी असेल तर ती वाचवायची कायदेशीर संधी आहे, पण ती मुदत गेली की गेली. कलम ५२ फौजदारी आहे, किमान एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार दंड असं त्यात लिहिलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाडापाडीबद्दल जे निर्देश दिले त्यात किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी आहे, मात्र रस्ता, फुटपाथ अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला ते संरक्षण नाही. तेव्हा गेटबाहेर फुटपाथवर शेड काढली असेल तर ती आजच काढा.

लेखी उत्तर द्या, पोच घ्या, आणि साइटवर येणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याशी नीट बोला. आम्हाला मागच्या कोपऱ्यातली जागा ज्यांनी सुचवली ते नोटीस घेऊन आलेलेच गृहस्थ होते.

गुंठेवारीतलं, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं, घर आहे.

२००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमितीकरणाची संधी दिलीय. आधी घर नियमित करून घ्या, शेडचा अर्ज त्यानंतर.

गोव्यात?

तिथे २०१० ची जमीन विकास आणि इमारत बांधकाम नियमावली आहे, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायत किंवा पालिकेचा परवाना असे दोन टप्पे. किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) हेही बघा.

पुढे घर विकायचंय, शेडमुळे अडेल का?

अडू शकतं. बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात घेऊन प्रत्यक्ष घराशी ताडून बघतो, नकाशात नसलेली शेड तो किमतीत धरत नाही आणि रिपोर्टमध्ये लिहितो, मग खरेदीदाराचं लोन लांबतं. मंजूर असेल तर सुधारित नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला बाकी कागदांसोबत त्याच फाइलमध्ये लावून ठेवा, दोन झेरॉक्स वेगळ्या.